कान भरणारा सभासद आणि भिडस्त कमिटी

मुंबईच्या उपनगरातल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एक जुना सभासद गाणं-वाजवणं सांभाळतो, सभागृहाच्या किल्ल्या त्याच्याकडे असतात, दानही सढळ हातानं देतो. पण प्रत्येकाला वेगळं सांगतो. पाळकांना म्हणतो "लोक नाराज आहेत", आणि लोकांना म्हणतो "पाळकसाहेब तुमच्याबद्दल असं बोलले". विचारायला जावं तर डोळ्यांत पाणी, नाहीतर रात्री राजीनाम्याचा मेसेज. दोन चांगली कुटुंबं उपासनेला यायची थांबली आहेत. अशा माणसाला ओळखायचं कसं, त्याच्याशी बोलायचं कसं, आणि वेळ आलीच तर पदावरून दूर कसं करायचं?

आधी एक पथ्य. त्याला नाव ठेवू नका. 'नार्सिसिस्ट', 'टॉक्सिक' हे शब्द हल्ली रील्समधून थेट कमिटीच्या बैठकीत येतात. निदान करणं पाळकाचं काम नाही, आणि असा शब्द एकदा तोंडातून गेला की पुढचे सहा महिने भांडण त्या शब्दावरच चालतं. मूळ वागणं बाजूला राहतं. माणूस कसा आहे हे सिद्ध करायची तुम्हाला गरजच नाही. त्यानं काय केलं एवढंच धरून ठेवा.

ओळखताना सर्वांत महागात पडते ती विरोधक आणि कावेबाज यांची गल्लत. वार्षिक सभेत हिशेबावर बोट ठेवणारा, आवाज चढवणारा सभासद बहुतेक वेळा मंडळीच्या हिताचाच असतो. तो जिन्यात जे बोलतो तेच कमिटीत बोलतो, स्वतःच्या नावानं बोलतो, आणि व्हाउचर समोर ठेवलं की विषय सोडतो. कावेबाज माणसाचं याच्या नेमकं उलट. ऐकणारा बदलला की हकिगत बदलते. नावं कधी मिळत नाहीत. एका तक्रारीचं उत्तर दिलं की तक्रार मिटत नाही, दुसरीकडे सरकते. त्याच्याशी बोलून उठताना तुमच्या हातात एक काम आलेलं असतं: कुणाला तरी टाळायचं, कुणावर तरी डाफरायचं, काहीतरी तिसऱ्यापासून लपवायचं. बायबलमधल्या दुसऱ्या शमुवेलाच्या १५व्या अध्यायातला अबशालोम, बाप दावीद राजाविरुद्ध बंड करणारा, पुन्हा वाचा. तो पहाटे उठून वेशीच्या वाटेवर उभा राहतो, प्रत्येकाला गाव विचारतो, 'तुझं म्हणणं रास्त आहे, पण ऐकायला राजाचं माणूसच नाही' असं सांगतो आणि नमस्कार करायला वाकणाऱ्याचं चुंबन घेतो. ऐकणाऱ्याला त्यात फक्त आपुलकी दिसते.

तिसरा प्रकार दुखावलेल्या किंवा आजारी माणसाचा. जोडीदार नुकता गेलेला, नोकरी सुटलेला, वयामुळे विसरू लागलेला माणूसही परस्परविरोधी बोलतो आणि रडतो. वर्षानुवर्षं सरळ वागलेली व्यक्ती चार-सहा महिन्यांत एकदम बदलली असेल तर आधी घरच्यांशी बोला आणि डॉक्टरांकडे पाठवा. शिस्तीची भाषा तिथे लागू नाही.

हे सगळं मंडळीत इतकं का फोफावतं? भीड. 'क्षमा करा' या शिकवणुकीचा अर्थ आपण 'विचारू नका' असा लावून बसलो आहोत. त्यात आपल्याकडे सोयरिकीचं जाळं. नगर, जालना, कोल्हापूरकडून आलेली कुटुंबं, कमिटीत एकाचा मेहुणा, दुसऱ्याचा व्याही. यरुशलेमेचा कोट पुन्हा बांधणाऱ्या नहेम्याच्या पुस्तकात ६व्या अध्यायाच्या शेवटी हेच आहे: त्याचा विरोधक तोबीया हा शखन्याचा जावई, म्हणून यहूदातले पुष्कळ जण त्याला शपथेनं बांधलेले. ते नहेम्यासमोर त्याचे गुण गातात आणि नहेम्याचं बोलणं तिकडे पोहोचवतात. पुढे १३व्या अध्यायात याच तोबीयाला मंदिराच्या आवारात खोली मिळते, कारण खोल्यांचा कारभार पाहणारा याजकच त्याचा नातलग.

मुंबईची अडचण आणखी वेगळी. कमिटीची सभा उपासनेनंतर, लोक उपाशी, कुणाला कल्याण गाठायचंय, कुणाला विरार, वर रविवारचा मेगाब्लॉक. पाऊण तासात १२ विषय उरकतात. जो चर्चच्या जवळ राहतो, ज्याला घाई नाही, तो शेवटपर्यंत थांबतो आणि उरलेल्या तिघांकडून हवं ते करून घेतो. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. विषयपत्रिका बुधवारपर्यंत सगळ्यांना. पैसा, मालमत्ता आणि नेमणूक हे तीन विषय 'आयत्या वेळचे विषय' म्हणून कधीही घ्यायचे नाहीत. महत्त्वाची सभा आठवड्यातल्या एखाद्या संध्याकाळी व्हिडिओवर घ्या. ठराव त्याच बैठकीत लिहून, वाचून, सह्या. इतिवृत्त पुढच्या महिन्यात 'आठवून' लिहिलं की तिथेच कावेबाजाचं फावतं.

आता तुमच्या हातातलं काम. एक वही करा. प्रत्येक प्रसंगाला पाच गोष्टी: तारीख, जागा, कोण हजर होतं, नेमके शब्द, तुम्ही काय उत्तर दिलंत. 'त्यांनी मला कमी लेखलं' असं लिहू नका. 'म्हणाले, आधीचे पाळक घरोघर जायचे, तुम्हाला वेळ नसतो' असं लिहा. अंदाज लिहायचाच असेल तर वेगळ्या रंगानं. ही वही चर्चच्या सामायिक कॉम्प्युटरवर नको, घरच्या कपाटात. पाच-सहा नोंदी होईपर्यंत त्या माणसाविरुद्ध कुठलंही पाऊल उचलू नका. तेवढ्यात दोन गोष्टींपैकी एक दिसेल: ठरावीक पद्धत आहे, किंवा तुम्हीच थकलेले होतात आणि फार काही नव्हतं. दुसरी शक्यता गंभीरपणे घ्या.

बोलणं एकट्यानं करू नका. सोबत मंडळीतले एक वडील (एल्डर) असावेत, त्या माणसाचे नातलग नसलेले आणि तुमचे होयबाही नसलेले. जागा चर्चचं ऑफिस. त्याचं घर नको, चहा-पोह्यांच्या बशीपुढे कडक वाक्य घशातच अडतं. उपासनेच्या आधी तर मुळीच नको. वेळ ४० मिनिटं, आणि ती सुरुवातीलाच सांगायची. एका बैठकीत एक किंवा दोन प्रसंग, सहा नाहीत. यादी वाचायला लागलात की त्याला सर्वांत कच्चा मुद्दा सापडतो आणि तो त्यावरच लोंबकळतो.

सुरुवात अशी: "काका, गेल्या रविवारी उपासनेनंतर तुम्ही महिला मंडळाच्या सेक्रेटरींना सांगितलंत की मी त्यांचा हिशेब तपासायला लावणार आहे. मी असं म्हटलेलं नाही. तुम्ही हे सांगितलंत का?" आणि गप्प बसा. शांतता भरून काढायची सवय पाळकांना फार असते. प्रश्न विचारून स्वतःच "म्हणजे तुमचा हेतू वाईट नसेल" असं म्हणून सुटका करून देऊ नका.

पुढे काय होईल ते बऱ्यापैकी ठरलेलं आहे. "मी असं म्हटलंच नाही, त्यांनी चुकीचं ऐकलं" असं येईल. त्यावर: "ठीक आहे. मग आपण तिघं त्यांच्यासमोर बसून एकदा स्पष्ट करू. बुधवारी चालेल?" रडू आलं तर पाण्याचा ग्लास द्या, दोन मिनिटं थांबा आणि त्याच वाक्यावर परत या. "म्हणजे मी मंडळीत नको आहे तर!" यावर: "तसं कोणी म्हटलेलं नाही. आपण गेल्या रविवारच्या बोलण्याविषयी बोलतोय." उलट आरोप आला, "तुमच्या मिसेसबद्दल लोक काय बोलतात ठाऊक आहे का साहेब?", तर "तो विषय वेगळा आहे, लेखी द्या, कमिटी बघेल." राजीनाम्याची धमकी आली तर मनधरणी करू नका. "विचार करून लेखी द्या, पुढच्या सभेत ठेवू." निम्म्या वेळा तो कागद येत नाही. आला तर स्वीकारा. परत घ्यायला लावलेला राजीनामा म्हणजे पुढच्या धमकीची परवानगी.

त्याच रात्री तीन ओळींचा मेसेज: आज कोण बसलो, कशावर बोललो, काय ठरलं. "काही चुकलं असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा." विषयावरची चर्चा मात्र व्हॉट्सअॅपवर करायची नाही, स्क्रीनशॉटमधून अर्धंच वाक्य फिरतं.

"लोक म्हणतात" याचं उत्तर प्रत्येक पदाधिकाऱ्यानं पाठ करून ठेवावं: "कोण म्हणतं? त्यांना मला फोन करायला सांगा, किंवा आपण दोघं आत्ता त्यांच्याकडे जाऊ." नहेम्याचा दुसरा विरोधक सनबल्लट यानं त्याला पाठवलेल्या उघड्या पत्रातही हेच होतं, 'राष्ट्राराष्ट्रांत बोलवा आहे आणि गशमूही तेच म्हणतो'. नहेम्याचं उत्तर एका वाक्याचं: असं काही घडलेलं नाही, तू हे आपल्या मनानं रचतोस. त्याआधी ओनोच्या मैदानात भेटायला या असा निरोप चार वेळा आला आणि चारही वेळा त्यानं तेच उत्तर पाठवलं. दर वेळी नवं स्पष्टीकरण द्यायला गेलात की नवा धागा हाती लागतो.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो ठळकपणे सांगून ठेवा. लहान मुलाशी किंवा बाईशी गैरवर्तनाची तक्रार नाव नसतानाही ऐकायची. १८ वर्षांखालील मुलाच्या लैंगिक शोषणाचा प्रश्न असेल तर २०१२च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१खाली गुन्हा. 'आधी कमिटी चौकशी करेल', 'मंडळीची अब्रू जाईल' या सबबी तिथे चालत नाहीत. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर संडे स्कूलच्या भिंतीवर लावा.

मत्तय १८:१५-१७ हा उतारा अशा प्रकरणात दोन्ही बाजूंनी वापरला जातो. कावेबाज माणूस म्हणतो, "माझ्याकडे एकांतात न येता कमिटीत कसं नेलंत?" त्या वचनात एकांत ही पहिली पायरी आहे, शेवटची नाही, पुढे दोन-तीन साक्षी आणि मग मंडळी हे त्याच वाक्यरचनेत येतं. ज्याला धाकात ठेवलं आहे त्याला एकट्याला त्या माणसासमोर पाठवणं हा त्या वचनाचा अर्थ नव्हे. तीताला पत्र ३:१० तर थेट आहे: फूट पाडणाऱ्याला एकदा, दोनदा बजावा आणि मग दूर राहा. दोनदा. आपण १२ वर्षं बजावत राहतो.

'प्रभूनं मला तुमच्याबद्दल दाखवलं' हा वेगळा दबाव, कारण त्याला उलट प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास ठरतो. नहेम्याला घाबरवून मंदिरात लपायला सांगणारा शमायाही संदेष्ट्याच्याच भाषेत बोलत होता, आणि पैसे घेऊन. १ करिंथ १४:२९ सांगतं की संदेश इतरांनी पारखावा. तेवढ्या आधारावर नियम करा: लग्न, पैसा, नोकरी आणि औषधं या चार बाबतींत कुणीही कुणाला खासगीत 'संदेश' सांगायचा नाही. सांगायचा तर दोन वडिलांसमोर. गोळ्या बंद करायला सांगणाऱ्याला त्याच दिवशी थांबवा.

आता पैसा आणि किल्ल्या. खरी पकड इथेच असते, आणि बहुतेक मंडळ्या इथे ढिल्या.

बोलणं करायच्या आधी, गाजावाजा न करता, यादी काढा. सभागृहाच्या किल्ल्या किती आणि कुणाकडे. बँकेत सह्या कुणाच्या. दानाचा क्यूआर कोड कुठल्या खात्याला जोडलेला आहे. यूट्यूब चॅनल, ईमेल आणि व्हॉट्सअॅप ग्रुपचे अॅडमिन कोण. आणि सर्वांत महत्त्वाचं, चर्चच्या ईमेलचा ओटीपी कुणाच्या मोबाइलवर जातो. कित्येक ठिकाणी तो कुणातरी हौशी सभासदाच्या खासगी नंबरवर जातो, आणि भांडण झालं की मंडळीचं सगळं तिथेच अडकतं. चर्चच्या नावानं एक सिम घ्या, ते सेक्रेटरीकडे ठेवा आणि दोन पदाधिकाऱ्यांना पासवर्ड माहीत असू द्या. हा बदल त्या एका माणसासाठी म्हणून करू नका. 'यापुढे सगळ्याच जबाबदाऱ्या दोन वर्षांच्या, प्रत्येक कामाला दोन माणसं' असा ठराव करा. कीबोर्डलाही दुसरं माणूस तयार करा. सहा महिने रविवारी सूर चुकले तरी चालतील.

ट्रस्टचे कागद बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंद असेल तर विश्वस्त बदलल्यावर ९० दिवसांत कलम २२चा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. कमिटी तीनदा बदलली आणि अर्ज एकदाही दिला नाही, ही स्थिती अपवादाची नाही. मग परिशिष्ट एकच्या उताऱ्यावर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या ट्रस्टच्या नोंदीवर, जुनीच नावं राहतात, आणि ज्याला तुम्ही 'माजी' समजता तो कागदावर विश्वस्तच असतो. चर्चची जागा पुनर्विकासात जाण्याची चर्चा असेल तर हा उतारा आजच काढा. बिल्डर सही मागायला त्याच नावांकडे जातो. मंडळी डायोसिसची (बिशपच्या अखत्यारीतली) असेल आणि मालमत्ता वेगळ्या ट्रस्टच्या नावे असेल तर तिथे विचारा. कॅथलिक पॅरिशमध्ये चर्चच्या कायद्यातल्या कॅनन ५३७प्रमाणे फायनान्स कौन्सिल असावंच लागतं. ते फक्त नावापुरतं आहे का, एवढं तपासा.

दानाची थाळी दोन माणसांनी मोजायची, एका घरातली नकोत. तिथल्या तिथे चिठ्ठी, दोन सह्या, सोमवारी बँकेत. अटीचं दान, म्हणजे "साउंड सिस्टीम मी देतो, पण ती मीच हाताळणार", कमिटीच्या ठरावाशिवाय घ्यायचं नाही. वार्षिक अहवालात नावानिशी वर्गणी छापायची आपली जुनी रीत आहे. तिच्यामुळे पारदर्शकता येते हे खरं, पण रकमेच्या जोरावर बोलणाऱ्याला ती बळही देते. निदान पाळकानं बोलताना ते पान डोक्यात ठेवू नये. पाळकानं सभासदाकडून हातउसने घ्यायचे नाहीत. मुलाच्या कॉलेजची फी असो की गावच्या घराचं छप्पर. घेतलेले असतील तर बोलणं करायच्या आधी फेडा, नाहीतर तो आकडा त्या खोलीत तुमच्या दोघांच्या मध्ये बसलेला असेल. सभासदांमधली भिशी, गुंतवणुकीच्या स्कीम, 'परदेशी नोकरी लावतो' असली बोलणी चर्चच्या आवारात आणि ग्रुपवर बंद, असा लेखी नियम हवा. तरुण संघातली पोरं अशाच ठिकाणी बुडतात आणि लाजेनं बोलत नाहीत.

एवढं करूनही वागणं तेच राहिलं तर पदावरून दूर करायचं, पण क्रमानं. आधी जबाबदारीतून विश्रांती, मग पद आणि मतदान. उपासनेचं दार शेवटपर्यंत उघडं, जोवर कुणाच्या सुरक्षिततेचा प्रश्न नाही. नियमावली काढा आणि तीत लिहिलेली मुदत पाळा. लेखी नोटीस, तीत प्रसंग तारखांसकट, उत्तर द्यायला वेळ, प्रत्यक्ष म्हणणं मांडायची संधी, मग ठराव. नातलगांनी त्या ठरावापुरतं बाहेर बसायचं. म्हणणं न ऐकता काढलं तर माणूस धर्मादाय आयुक्तांकडे किंवा कोर्टात जाईल, आणि चूक त्याची असली तरी तुम्ही हराल. बिशप किंवा वरिष्ठांना नोटीस द्यायच्या आधीच कळवून ठेवा. तो तिथे तुमच्या आधी पोहोचलेला असण्याची शक्यता दाट आहे.

मंडळीला तीन वाक्यं सांगा: अमुक यांनी या जबाबदाऱ्या आता सोडल्या आहेत, अमुक त्या बघतील, काही विचारायचं असेल तर सेक्रेटरींना भेटा. बस. व्यासपीठावरून टोमणे मारू नका. नाव न घेता केलेलं 'आपल्यातल्या यहूदा'वरचं, म्हणजे घरभेद्यावरचं, प्रवचन प्रत्येकाला कळतं, सहानुभूती त्यालाच मिळते, आणि बोलणं घसरलं तर बदनामीचा खटला ओढवतो. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ चर्चलाही लागू आहे.

हे सगळं पाळकालाही लागू. कान भरणारा माणूस टिकतो कारण ऐकणाऱ्याला त्यातून काही मिळतं: बातमी, कौतुक, आपला गट. पाळकीणबाईंना कोण काय आणून सांगतं, हेही घरी एकदा विचारा. कधीकधी कावेबाज व्यासपीठावरच असतो, आणि प्रश्न विचारणाऱ्याला 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे स्तोत्र १०५मधलं वचन ऐकवतो. ते वचन परक्या राजांपासून अब्राहाम-इसहाक-याकोबांच्या रक्षणाविषयी आहे. हिशेब मागणाऱ्या सभासदाविषयी नाही. १ तीमथ्य ५:१९ वडिलांविरुद्धच्या आरोपाला दोन-तीन साक्षी मागतं, आणि २०वं वचन पाप करणाऱ्याला सर्वांदेखत दोष द्यायला सांगतं. दोन्ही वचनं सलग वाचायची. मंडळीबाहेरचा एखादा अनुभवी पाळक किंवा समुपदेशक महिन्यातून एकदा तुमचं ऐकायला असावा, जो तुमच्या मंडळीत कुणाचाच सोयरा नाही.

जी दोन कुटुंबं थांबली आहेत त्यांच्याकडे जा, पण 'परत या' म्हणायला नाही. काय घडलं ते ऐका, लिहून घ्या, त्यांनाच वाचून दाखवा. मध्यस्थी लगेच नको.

आणि तो माणूस काही काळानं परत जबाबदारी मागायला आला तर? २ करिंथ २:६-८ प्रमाणे झाली तेवढी शिक्षा पुरे म्हणायची वेळ येते. खरा पश्चात्ताप तपशिलात असतो. "कुणाला दुखावलं असेल तर क्षमा करा" हे पुरेसं नाही. "मी सेक्रेटरीबाईंना खोटं सांगितलं" हे हवं, आणि त्यांच्यासमोर. पैसे घेतले असतील तर परत. मग निदान एक वर्ष साधा सभासद. पुढे गाणं चालेल. किल्ल्या, पैसा आणि ग्रुपचं अॅडमिनपद मात्र नाही. यावर तो चिडला तर घाई करू नका, आणखी सहा महिन्यांनी पुन्हा विचार करा.

यातलं बँकेच्या सह्यांचं, सिमचं आणि परिशिष्टाच्या उताऱ्याचं काम या आठवड्यात लावा. वही आजपासून. बोलणं त्यानंतर, पाच-सहा नोंदी हातात आल्यावर.